साथीची खबर आणि तिची किंमत

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाने फणफणलेल्या, अंगावर गाठी आलेल्या रुग्णांना तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी हा प्लेग असल्याचे सांगितले. निदान बरोबर होते, पण त्याचा पहिला फटका शहरालाच बसला. मुंबईहून निघालेली जहाजे परदेशी बंदरांत अडवली जाऊ लागली आणि १८९७ च्या सुरुवातीला मुंबईहून हज यात्रेला जाणारी वाहतूक सरकारने बंद केली. त्याच सुमारास युरोपातले देश व्हेनिसला जमले आणि त्यांनी प्लेगविषयी करार केला. साथ दिसताच इतरांना कळवायचे, आणि ते कळल्यावर इतरांनी ठरलेल्या मर्यादेपलीकडे निर्बंध घालायचे नाहीत, असा हा सौदा होता.

जागतिक आरोग्य संघटनेविषयी आज जो वाद चालू आहे त्याचे मूळ या सौद्यात आहे. संघटना बलवान हवी की मर्यादित, तिला पैसा कोणी द्यावा, तिचे ऐकणे कोणावर बंधनकारक असावे, असे अनेक प्रश्न त्या वादात मिसळलेले आहेत. हा सगळा पट तपासताना मला एक धागा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो असा: साथीची खबर आधी देणाऱ्या देशाच्या पदरात काय पडते? करारातले कळवण्याचे कलम दरवेळी अधिक पक्के होत गेले. कळवणाऱ्याला दिलेला शब्द पाळण्याची सोय मात्र तशी झाली नाही.

बंदरांपासून सुरुवात

या सहकार्याची सुरुवात १८५१ मध्ये पॅरिसला झाली. पटकीच्या लाटांनी युरोप हादरला होता. बारा देशांनी प्रत्येकी एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी पाठवला. सहा महिने चर्चा चालली, पण हाती फारसे काही लागले नाही. पटकी कशाने होते यावर डॉक्टरांचे एकमत नव्हते, आणि जहाजे किती दिवस अडवायची यावर व्यापारी देशांचे. ब्रिटनचा सागरी व्यापार सर्वांत मोठा, त्यामुळे क्वारंटाइनला त्याचा विरोधही सर्वांत मोठा. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई आणि युरोप यांच्यातले अंतर घटले, तशी ही ओढाताण वाढली.

१८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉखने इजिप्त आणि कलकत्ता इथे पटकीच्या जंतूचा छडा लावला. विज्ञानाचा आधार मिळाल्यावर वाटाघाटींना गती आली आणि १८९२ मध्ये व्हेनिसला पहिला प्रत्यक्ष लागू होणारा करार झाला. पुढच्या वर्षी ड्रेस्डेनच्या करारात साथ कळवण्याचे बंधन आले. मुंबईच्या प्लेगनंतरचा १८९७ चा करार याच मालिकेतला.

या परिषदांचा मुख्य हेतू पूर्वेकडून येणारा रोग युरोपच्या दाराशी रोखण्याचा होता. मुंबईच्या चाळीत रोगी वाचावा, ही त्यांच्यापुढची चिंता नव्हती. तिकडे जे घडले ते वसाहतीच्या सरकारने आपल्या पद्धतीने केले: १८९७ चा साथरोग कायदा, घरोघरची झडती, पुण्यात प्लेग अधिकारी रँडची दंडेली आणि जूनमध्ये चापेकर बंधूंनी त्याच्यावर केलेला प्राणघातक हल्ला. त्याच मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काम करणाऱ्या वॉल्डेमार हाफकिनने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ज्या शहराची जहाजे जग अडवत होते, त्याच शहरातून जगाला लस मिळाली. खबर देणारा आणि उपाय देणारा कधी कधी एकच असतो, हे पुढेही दिसते.

संघटना उभी राहते

दुसऱ्या महायुद्धानंतर हेतू बदलला. जुलै १९४६ मध्ये न्यूयॉर्कला ६१ देशांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेवर सह्या केल्या आणि ७ एप्रिल १९४८ रोजी ती अमलात आली. आरोग्य हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे या घटनेने मान्य केले. सर्व सदस्य देशांच्या आरोग्य सभेत भारतालाही लवकर मान मिळाला. १९५० मध्ये राजकुमारी अमृत कौर तिच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला.

संघटनेच्या कामगिरीत देवीच्या रोगाचे उच्चाटन सर्वांत वर आहे. सोव्हिएत संघाने १९५८ मध्ये ही कल्पना मांडली, पण खरा जोर १९६७ पासून आला. अमेरिकेचे डी. ए. हेंडरसन मोहिमेचे प्रमुख, आणि लशीचा मोठा वाटा सोव्हिएत संघाकडून फुकट. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे घडले. १९७४ मध्ये बिहारमध्ये साथ उसळली, तेव्हा जमशेदपूर परिसरात टाटांची माणसे आणि साधने मोहिमेत उतरली. दोन टोकांची साधी सुई, उष्णतेत टिकणारी कोरडी लस आणि रुग्णाभोवतीच्या सगळ्यांना टोचण्याची पद्धत, एवढीच हत्यारे होती.

या मोहिमेतला एक तपशील मला फार बोलका वाटतो. भारतात देवीचा रुग्ण कळवणाऱ्याला रोख बक्षीस होते. रुग्ण जसे कमी होत गेले तशी ही रक्कम वाढवत १९७५ मध्ये १००० रुपयांपर्यंत नेली. बाजारात, शाळेत, गावाच्या चावडीवर कार्यकर्ते देवीच्या रुग्णाचा फोटो असलेले कार्ड दाखवत आणि असा कोणी पाहिला का, म्हणून विचारत. खबर लपवण्यापेक्षा ती देण्यात लोकांचा फायदा असेल, याची काळजी घेतलेली होती. १९७५ मध्ये भारतातला, १९७७ मध्ये सोमालियातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला, आणि ८ मे १९८० रोजी आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

दुसऱ्या बाजूला मलेरिया. १९५५ मध्ये त्याच्याही उच्चाटनाची घोषणा झाली होती. डीडीटीला डास दाद देईनासे झाले, पैसा आटला आणि १९६९ मध्ये जगभर उच्चाटनाचे ध्येय गुंडाळून ठेवावे लागले. संघटना एकच, कालखंडही जवळपास तोच, तरी निकाल उलटे लागले. देवीचा विषाणू फक्त माणसात राहतो आणि रुग्ण नजरेला दिसतो, मलेरियाचे तसे नाही. तेव्हा कोणत्याही एका यशावरून किंवा अपयशावरून संघटनेचा निवाडा करणे धोक्याचे आहे.

आणखी एक प्रवाह इथे नोंदवायला हवा, कारण त्यात महाराष्ट्राचा हात आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये नगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच बायकांना, त्यातल्या अनेक निरक्षर, प्रशिक्षण देऊन त्यांना आरोग्यसेविका केले. संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकसहभागाच्या प्रयोगांवरील ग्रंथात जामखेडवर प्रकरण आहे. हीच विचारधारा १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्य सेवा म्हणून आली. पुढच्याच काही वर्षांत मोजक्या रोगांवर, मोजक्या उपायांवर भर देण्याचा प्रतिवाद पुढे आला. पैसा देणाऱ्यांना तो अधिक पटला, कारण त्यात निकाल मोजता येतो. मात्र जिनिव्हाला, संघटनेच्या मुख्यालयात, जाणारी कोणतीही खबर आधी गावात कोणाला तरी लक्षात यावी लागते, आणि ती जामखेडसारख्या ठिकाणीच लक्षात येते.

नियमावली आणि तिची परीक्षा

१९५१ च्या स्वच्छताविषयक नियमांना १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली असे नाव मिळाले. १९८१ मध्ये देवी यादीतून गेल्यावर पटकी, प्लेग आणि पीतज्वर एवढे तीनच रोग कळवणे बंधनकारक उरले. सौदा जुनाच होता: कळवा, आणि कळवणाऱ्याला अकारण त्रास देऊ नका.

१९९४ मध्ये त्याची परीक्षा आपल्या दारात झाली. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. लाखो लोक सुरत सोडून निघाले. प्रवास आणि व्यापार यांवर बंधने घालायची गरज नाही, असे आरोग्य संघटना सांगत होती. तरी अनेक देशांनी भारताची विमाने थांबवली, काहींनी माल नाकारला. मृत्यूंचा अधिकृत आकडा साठीच्या आत राहिला, पण पर्यटन आणि निर्यात यांचे नुकसान त्याच्या तुलनेत प्रचंड होते. नियम मोडणाऱ्या देशांना काहीही झाले नाही.

१९९५ मध्ये आरोग्य सभेने नियमावली नव्याने लिहायचे ठरवले. काम रेंगाळले, आणि २००३ मध्ये सार्स आल्यावर मार्गी लागले. त्या वेळी चीनने माहिती उशिरा दिली आणि महासंचालक ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांनी उघड टीका केली. नव्या नियमावलीने, जी २००५ मध्ये मंजूर होऊन जून २००७ मध्ये लागू झाली, तीन मोठे बदल केले. रोगांची यादी जाऊन कोणताही धोकादायक प्रादुर्भाव कळवण्याचे बंधन आले, तेही मूल्यमापनानंतर २४ तासांत. सरकार गप्प असले तरी बातम्या, प्रयोगशाळा आणि डॉक्टर यांच्याकडून आलेली माहिती तपासायची मुभा संघटनेला मिळाली. आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर करण्याचा अधिकार महासंचालकांना मिळाला. जास्तीचे निर्बंध घालणाऱ्या देशाने ४८ तासांत कारणे द्यावीत, असेही कलम आले. कारणे न दिल्यास काय, याचे उत्तर त्यात नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोविडचे नवे रूप ओळखले आणि लगेच कळवले. २६ तारखेला त्याला ओमिक्रॉन हे नाव मिळाले. त्याच दिवसांत दक्षिण आफ्रिका आणि शेजारच्या देशांवर उड्डाणबंदीची माळ लागली. १८९६, १९९४ आणि २०२१: कळवणारे वेगळे, त्यांच्या वाट्याला आलेले मात्र एकच. दुसऱ्यांदा असे कळवताना कोणता आरोग्यमंत्री कचरणार नाही?

कोविडनंतरच्या भूमिका

कोविडने जुने मतभेद तीव्र केले. स्थूलमानाने चार भूमिका दिसतात.

पहिली भूमिका संघटनेचे हात बळकट करा म्हणणाऱ्यांची. हेलन क्लार्क आणि एलेन जॉन्सन सरलीफ यांच्या अध्यक्षतेखाली कोविडच्या हाताळणीचा आढावा घेणाऱ्या स्वतंत्र समितीने मे २०२१ मध्ये म्हटले की, २२ जानेवारी २०२० रोजीच आणीबाणी जाहीर करता आली असती. ती ३० जानेवारीला झाली, आणि त्यानंतरचा फेब्रुवारी महिना अनेक देशांनी वाया घालवला. या बाजूचे म्हणणे असे की, संघटनेला स्वतः जाऊन तपासण्याचा अधिकार आणि खात्रीचा निधी हवा. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची आणीबाणी ऑगस्टपर्यंत जाहीर झाली नव्हती आणि ११ हजारांहून अधिक माणसे गेली, हा त्यांचा आणखी एक दाखला. त्यांच्यापुढचा आक्षेपही लक्षात घ्यायला हवा. घोषणा झाल्यावरही देश हलले नाहीत, हे समितीनेच नोंदवले आहे. मग अधिक अधिकाराने ते हलले असते का?

दुसरी भूमिका राष्ट्रीय सार्वभौमत्वाची. टाळेबंदी, लससक्ती, सीमा यांविषयीचे निर्णय मतदारांना जबाबदार असलेल्या सरकारांनीच घ्यावेत आणि संघटनेने सल्ला व माहिती यांपुरते राहावे, असे हा पक्ष मानतो. संघटना चीनच्या बाबतीत मवाळ राहिली, हा त्यांचा दुसरा आरोप. अमेरिकेने २०२० मध्ये बाहेर पडण्याची नोटीस दिली, २०२१ मध्ये ती मागे घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा दिली. हा आक्षेप एका पक्षाच्या घोषणाबाजीपुरता समजणे चूक ठरेल. न निवडलेल्या संस्थेकडे किती अधिकार असावेत, हा लोकशाहीतला खरा प्रश्न आहे. मात्र संघटनेकडे टाळेबंदी लादण्याचा अधिकार कधीच नव्हता, हेही तितकेच खरे.

तिसरी भूमिका समन्यायाची. आफ्रिकी देश, भारत, इंडोनेशिया यांनी ती वेळोवेळी मांडली. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने द्यायला नकार दिला. आमच्या रुग्णांचे नमुने घेऊन श्रीमंत देशांतल्या कंपन्या लस करणार आणि ती आम्हाला परवडणार नाही, ही तक्रार होती. त्यातून २०११ मध्ये इन्फ्लुएन्झापुरती एक चौकट तयार झाली, ज्यात नमुने वापरणाऱ्या कंपन्यांनी वाटा द्यायचा होता. त्याआधी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची तिहेरी औषधयोजना वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली होती, तेव्हा बाजारातला दर दहा हजारांच्या पुढे होता. त्याच वर्षी दोहा जाहीरनाम्यात पेटंटपेक्षा सार्वजनिक आरोग्याला अग्रक्रम देण्याची मुभा मान्य झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी कोविडपुरते पेटंट बाजूला ठेवावे असा प्रस्ताव जागतिक व्यापार संघटनेत मांडला. जून २०२२ मध्ये त्याचे बरेच आटलेले रूप मंजूर झाले. औषध उद्योगाचा प्रतिवाद असा की, पेटंट नसेल तर पुढच्या साथीत संशोधनावर पैसा कोण लावेल, आणि लस बनवण्याचे कसब पेटंट उठवल्याने आपोआप हाती येत नाही.

चौथी भूमिका थोडी वेगळी आहे. सगळे काम एका संघटनेने करायची गरज नाही, उद्दिष्ट ठरवून जुळणारी जाळी अधिक काम करतात, असे ती सांगते. लशींसाठी गावी, एड्स-क्षय-मलेरियासाठी ग्लोबल फंड, नव्या लशींच्या संशोधनासाठी सेपी आणि आफ्रिकेची स्वतःची रोगनियंत्रण यंत्रणा ही याची उदाहरणे. तिच्या बाजूने एक भक्कम उदाहरण पुण्याचेच आहे. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी पिढ्यान् पिढ्या येत होत्या. मोठ्या कंपन्यांना त्या लशीत नफा दिसत नव्हता. आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी गेट्स प्रतिष्ठानच्या पैशातून प्रकल्प उभारला आणि सीरम इन्स्टिट्यूटने अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत लस तयार केली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची सुरुवात झाली आणि त्या पट्ट्यातला अ गटाचा मेंदूज्वर जवळजवळ नाहीसा झाला.

याच पद्धतीची दुखरी बाजू कोव्हॅक्सने दाखवली. सर्व देशांना लस मिळावी म्हणून उभारलेल्या या योजनेतून पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घानाला पोहोचली: पुण्यात बनलेले सहा लाख डोस. महिन्याभरात भारतात दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. योजनेचा भार एका देशातल्या एका मोठ्या उत्पादकावर होता, त्यामुळे आफ्रिकेतली लसीकरण केंद्रे महिनोन् महिने रिकामी राहिली. श्रीमंत देशांनी तोवर लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस आगाऊ विकत घेऊन ठेवले होते. भारताने आपल्या माणसांना आधी लस दिली, यात नवल नाही. कोणतेही सरकार तेच करते. नियम आखताना हे गृहीतच धरले पाहिजे.

पैशाचा प्रश्न

संघटनेकडे पैसा दोन वाटांनी येतो: सदस्य देशांची ठरलेली वर्गणी आणि ऐच्छिक देणग्या. गेल्या काही दशकांत वर्गणी गोठली आणि देणग्या फुगल्या. २०२२ मध्ये वर्गणीचा वाटा एक पंचमांशाहूनही कमी होता. देणगी बहुतेक वेळा ठरावीक कामासाठीच येते. पोलिओसाठी इतका पैसा आला की आफ्रिकेतल्या अनेक देशांत संघटनेचा कर्मचारीवर्गच त्यावर पोसला गेला. २७ मार्च २०१४ रोजी भारत ज्यात मोडतो तो संघटनेचा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला त्यात या पैशाचा वाटा आहे, हे नाकारता येत नाही. पण मानसिक आजार, सर्पदंश, आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण यांसाठी असा दाता सहसा पुढे येत नाही.

२०२२ मध्ये देशांनी वर्गणीचा वाटा टप्प्याटप्प्याने अर्ध्यापर्यंत नेण्याचे ठरवले. त्यानंतर अमेरिका, जी सर्वांत मोठी दाता होती, बाहेर पडायला निघाली. २०२६-२७ या दोन वर्षांचा आराखडा ४.२ अब्ज डॉलरवर आणावा लागला, मूळ प्रस्तावापेक्षा पंचमांशाहून अधिक कमी.

नवा करार आणि उरलेले प्रश्न

डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी २० मे २०२५ रोजी महासाथ कराराच्या मंजुरीपर्यंत आल्या. समितीतल्या मतदानात १२४ देश बाजूने होते, विरोधात एकही नाही, ११ तटस्थ. टाळेबंदी, प्रवासबंदी किंवा लससक्तीचा आदेश देण्याचा अधिकार संघटनेला यातून मिळत नाही, हे करारात स्पष्ट लिहिले आहे. तो लागू व्हायला ६० देशांची संमती लागते. त्याच्या आगेमागे नियमावलीतही दुरुस्त्या झाल्या. त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहेत आणि अमेरिकेने त्या नाकारल्या आहेत.

करार मंजूर करताना सर्वांत अवघड गाठ बाजूला, एका परिशिष्टासाठी राखून ठेवली गेली. रोगजंतूंचे नमुने आणि त्यांची जनुकीय माहिती देशांनी तातडीने द्यावी आणि त्या बदल्यात सहभागी उत्पादकांनी महासाथीच्या काळातल्या लशी, औषधे, चाचण्या यांच्या उत्पादनातील २० टक्के वाटा संघटनेकडे उपलब्ध करावा, अशी ही कल्पना आहे. त्यातले किमान १० टक्के फुकट, उरलेले परवडणाऱ्या दरात. पावणेदोनशे वर्षांच्या या व्यवहारात कळवणाऱ्याला निव्वळ अभयाऐवजी ठोस काही देण्याची तरतूद इतक्या व्यापक पातळीवर प्रथमच मांडली गेली आहे, म्हणून मी तिला इतके महत्त्व देतो. तिच्यात उणिवा आहेत. जनुकीय माहिती खुल्या संचांतून कोणालाही मिळते, मग कंपनी करारात शिरेल कशाला? आणि संकटात आपल्या सरकारने निर्यात रोखली तर त्या कंपनीने दिलेल्या शब्दाचे काय? २०२१ चा अनुभव ताजा आहे.

कळवल्यामुळे झालेल्या आर्थिक नुकसानीची भरपाई हा तर जवळजवळ न उघडलेला विषय आहे. बंदी घातलेल्या देशाच्या पर्यटन व्यावसायिकाला, निर्यातदाराला, त्यांच्याकडच्या मजुराला काही मिळावे, यासाठी निधीच्या कल्पना चर्चेत येतात आणि विरतात. तैवानचा प्रश्नही तसाच लोंबकळत आहे. २००९ ते २०१६ या काळात तो आरोग्य सभेत निरीक्षक होता, नंतर चीनच्या विरोधामुळे त्याला बोलावणे येईनासे झाले.

भारताची जागा या सगळ्यात दुहेरी आहे. नवे रोग उद्भवण्याची शक्यता जिथे जास्त, अशा दाट वस्तीच्या देशांत तो मोडतो, म्हणून नमुन्यांच्या मोबदल्यात त्याला रस आहे. लशींचा मोठा उत्पादकही तोच, म्हणून २० टक्क्यांतला मोठा भाग पुणे आणि हैदराबादच्या कारखान्यांतून निघायचा आहे. फुकट द्यायच्या डोसांचा खर्च कंपनी सोसणार, सरकार सोसणार की एखादा आंतरराष्ट्रीय निधी, हे ठरल्याशिवाय या दोन्ही भूमिका एकाच शिष्टमंडळाला एकाच टेबलावर मांडता येणार नाहीत.